नकारार्थी आज्ञा: स्पॅनिश धातूतला स्वर कुठे बदलतो, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: 'सेर्रार' म्हणजे बंद करणे. 'दार बंद कर' याला 'सिएर्रा ला पुएर्ता' म्हणतात. मग 'दार बंद करू नकोस' याला 'नो सिएर्रा ला पुएर्ता' का चालत नाही? 'सिएर्रेस' कुठून आले? आणि आपण सगळ्यांबद्दल बोलताना 'सेर्रेमोस' म्हणजे स्वर पुन्हा जुनाच, पण 'दोर्मीर' (झोपणे) याचे मात्र 'दुर्मामोस', म्हणजे तिसराच स्वर. यात काही नियम आहे का?

नियम आहे, आणि तो बऱ्यापैकी पक्का आहे. उत्तरात स्पॅनिश शब्द देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. 'बी' आणि 'व्ही' या दोन्ही अक्षरांसाठी 'ब' वापरला आहे, कारण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार एकच होतो. मराठी माणसाची एक सोय आधीच झालेली आहे: स्पॅनिशचा 'तू' आपल्या 'तू'सारखाच उच्चारतात आणि त्याच नात्यात वापरतात.

आधी 'नो सिएर्रा'चे बघू. हे वाक्य व्याकरणाने अचूक आहे, पण त्याचा अर्थ 'तो बंद करत नाही' किंवा 'ते बंद होत नाही' असा होतो. 'ला पुएर्ता नो सिएर्रा' म्हणजे दार लागत नाहीये. म्हणून ही चूक ऐकणाऱ्याला चूक वाटतही नाही. त्याला वाटते तुम्ही बिघडलेल्या दाराबद्दल काही सांगताय. विद्यार्थी वर्षभर असे बोलत राहतो आणि कोणी टोकत नाही, त्याचे कारण हेच.

मराठीतही आपण होकारार्थी आज्ञेपुढे नकार चिकटवत नाही. 'बस' याचा नकार 'नको बस' असा करत नाही. क्रियापदाचे रूपच बदलतो: 'बसू नकोस', 'बसू नका'. स्पॅनिशही तेच करते. नकार आला की आज्ञार्थाचे खास रूप बाजूला ठेवते आणि सब्जंक्टिव्हचे, म्हणजे इच्छा-शंका-अपेक्षा दाखवणाऱ्या रूपाचे, वर्तमानकाळातले रूप घेते. 'उस्तेद' (आदरार्थी 'आपण') आणि 'उस्तेदेस' (तुम्ही सगळे) यांच्या होकारार्थी आज्ञाही याच रूपातून येतात, म्हणून तिथे 'सिएर्रे' आणि 'नो सिएर्रे' सारखेच दिसतात. फरक पडतो तो 'तू'मध्ये, आणि स्पेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'बोसोत्रोस'मध्ये (मित्रांना उद्देशून 'तुम्ही').

आता रूप तयार करायची कृती. सुरुवात 'यो'पासून, म्हणजे 'मी'च्या वर्तमानकाळी रूपापासून करा. मूळ धातूपासून करू नका, आणि 'तू'च्या आज्ञेपासून तर मुळीच नको. 'सेर्रार'चे 'मी बंद करतो' हे 'सिएर्रो'. शेवटचा 'ओ' काढला की उरते 'सिएर्र'. आता उलटा स्वर लावायचा: 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'ए', 'एर' आणि 'ईर'ने संपणाऱ्यांना 'आ'. 'तू'साठी त्यापुढे 'स'. झाले 'नो सिएर्रेस'. 'पेर्देर' (हरवणे, गमावणे): 'पिएर्दो', 'पिएर्द', 'नो पिएर्दास'. 'कोन्तार' (सांगणे, मोजणे): 'कुएन्तो', 'नो कुएन्तेस'. 'बोल्बेर' (परतणे): 'बुएल्बो', 'नो बुएल्बास'. 'पेदीर' (मागणे): 'पीदो', 'नो पीदास'.

'यो'चा आग्रह यासाठी की अडचणीची बहुतेक गोष्ट त्या एका रूपात आधीच उरकलेली असते. 'तेनेर' (असणे, बाळगणे) घ्या. 'तुझ्याकडे आहे' हे 'तिएनेस', त्यामुळे हात आपसूक 'नो तिएनास'कडे जातो. पण 'माझ्याकडे आहे' हे 'तेन्गो', म्हणून बरोबर रूप 'नो तेन्गास'. 'घाबरू नकोस' म्हणजे 'नो तेन्गास मिएदो'. 'बेनीर' (येणे) तसेच: 'बिएनेस' असले तरी 'बेन्गो', म्हणून 'नो बेन्गास'. 'देसीर' (म्हणणे): 'दीगो', 'नो दीगास'. 'यो'पासून निघाल्यास या तिघांना अपवाद म्हणून पाठ करावेच लागत नाही.

आता 'नोसोत्रोस' (आपण सगळे) आणि 'बोसोत्रोस' (तुम्ही) यांचा भाग, जिथे खरी गडबड होते.

स्वर बदलतो तो आघातामुळे. 'सिएर्रो' म्हणताना जोर पहिल्या अवयवावर, धातूतल्या स्वरावरच पडतो. 'सेर्रामोस' म्हणताना जोर पुढे 'रा'वर सरकतो आणि धातूतला 'ए' मोकळा होतो, त्याला बदलायचे कारण उरत नाही. हे लॅटिनपासून आले आहे: तिथल्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ'वर जोर पडला की स्पॅनिशमध्ये त्यांचे 'इए' आणि 'उए' झाले. लॅटिन 'दोर्मित' (तो झोपतो) याचे 'दुएर्मे' झाले ते असे. नकारार्थी आज्ञेतही जोर तसाच फिरतो. 'नो सिएर्रेस', 'नो सिएर्रे', 'नो सिएर्रेन' यांत जोर धातूवर, म्हणून 'इए'. 'नो सेर्रेमोस' (आपण बंद करायला नको) आणि 'नो सेर्रेइस' यांत जोर शेवटाकडे, म्हणून साधा 'ए'. 'बोल्बेर'चे 'नो बोल्बामोस', 'नो बोल्बाइस'. 'पेर्देर'चे 'नो पेर्दामोस', 'नो पेर्दाइस'. 'आर' आणि 'एर'वाल्या सगळ्यांचे असेच चालते.

'ईर'वाल्यांमध्ये मात्र 'आपण' आणि 'तुम्ही' रिकाम्या हाताने परतत नाहीत. तिथे 'ए'चा 'इ' आणि 'ओ'चा 'उ' होतो. 'दोर्मीर': 'नो दुएर्मास', पण 'नो दुर्मामोस', 'नो दुर्माइस'. 'मेन्तीर' (खोटे बोलणे): 'नो मिएन्तास', पण 'नो मिन्तामोस', 'नो मिन्ताइस'. 'पेदीर'मध्ये मुळातच 'ए'चा 'इ' होतो, म्हणून पाचही रूपांत 'इ': 'पीदास', 'पीदा', 'पिदामोस', 'पिदाइस', 'पीदान'. याचेही मूळ लॅटिनमध्ये आहे. 'दोर्मिआमुस'मधल्या त्या 'इ-आ'ने आधीच्या स्वराला वर ओढले, 'ओ'चा 'उ' झाला, आणि स्वतः 'इ' विरून गेला.

काही शब्दकोशांत अशा क्रियापदापुढे कंसात दोन खुणा असतात: पहिली 'उए', दुसरी 'उ'. पहिली जोर धातूवर असतानाची, दुसरी जोर सरकल्यावरची. दुसरी खूण फक्त 'ईर'वाल्यांपुढे दिसेल.

खुणा नसतील तेव्हाही ताडून बघायची एक सोपी खूणगाठ आहे, आणि माझ्या मते ती पाठ्यपुस्तकांत यायला हवी तितकी ठळक येत नाही. 'करत' या अर्थाचे रूप काढा. 'झोपत' म्हणजे 'दुर्मिएन्दो', त्यात 'उ' आहे, म्हणून 'दुर्मामोस'. 'खोटे बोलत' म्हणजे 'मिन्तिएन्दो', म्हणून 'मिन्तामोस'. 'बंद करत' म्हणजे 'सेर्रान्दो', म्हणून 'सेर्रेमोस'. 'परतत' म्हणजे 'बोल्बिएन्दो', म्हणून 'बोल्बामोस'. म्हणजे 'तू', 'आपण' (आदरार्थी) आणि अनेकवचनी 'उस्तेदेस' यांचा धातू 'यो'कडून घ्यायचा, तर 'नोसोत्रोस' आणि 'बोसोत्रोस'चा या रूपाकडून. 'तेन्गो', 'बेन्गो', 'दीगो' यांसारखी 'ग'वाली क्रियापदे यातून वगळा, ती पाचही ठिकाणी 'ग' धरून ठेवतात: 'नो तेन्गामोस', 'नो दिगामोस'. 'पोदेर' (शकणे) हेही फसवते: 'पुदिएन्दो' असूनही 'पोदामोस'. पण 'शकू नकोस' अशी आज्ञा कोण देणार, म्हणून ते व्यवहारात आडवे येत नाही.

ज्यांना मेक्सिको, कोलंबिया, पेरू इथले स्पॅनिश शिकायचे आहे त्यांना 'बोसोत्रोस'ची ओळ बोलण्यासाठी लागणार नाही. तिथे अनेकांना उद्देशून, मित्र असोत की अनोळखी, 'उस्तेदेस'च वापरतात. ऐकून आणि वाचून समजण्यापुरती ओळख ठेवा. स्पेनसाठी शिकणाऱ्याने मात्र एक चूक टाळावी: होकारार्थी 'सेर्राद'पुढे 'नो' लावून 'नो सेर्राद' करणे. बरोबर रूप 'नो सेर्रेइस'. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' चालतो. तिथे 'नो सिएर्रेस' ऐकू येते तसे शेवटी जोर दिलेले 'नो सेर्रेस'ही ऐकू येते. जोर सरकला की 'इए' गायब, हा नियम तिथेही उघडा दिसतो.

आता लिखाण. इथे देवनागरी वाचणाऱ्याला एक फायदा आहे. 'हुगार' (खेळणे) याचे 'हुएगो' आणि 'नो हुएगेस' असे लिहिले तर दोन्हीकडे 'ग' तोच दिसतो, कारण उच्चार बदललेलाच नाही. रोमन लिपीत मात्र 'जी'पुढे 'ई' आली की त्याचा उच्चार 'हे' होतो. तो 'गे' ठेवायचा तर मध्ये 'यू' घालावा लागतो. तो 'यू' उच्चारायचा नाही, तो फक्त राखण करतो. 'कोल्गार' (टांगणे, फोन ठेवणे) याचे 'नो कुएल्गेस' लिहिताना हेच. फोनवर 'ठेवू नकोस हं' म्हणायला हेच रूप लागते. 'बोल्कार' (उलटवणे) याच्या 'नो बुएल्केस'मध्ये 'सी'च्या जागी 'क्यू' आणि 'यू'. 'एम्पेसार' (सुरू करणे) याच्या 'नो एम्पिएसेस'मध्ये 'झेड'चा 'सी', कारण 'ई'च्या आधी 'झेड' लिहायची स्पॅनिशची रीत नाही.

'एर' आणि 'ईर'वाल्यांत हा फेरा उलटा फिरतो, कारण तिथे पुढे 'आ' येतो. 'सेगीर' (चालू ठेवणे, मागे जाणे) लिहिताना 'जी' आणि 'यू' असतात, पण 'नो सीगास'मध्ये 'यू' गळतो. तो ठेवला तर उच्चार 'सीग्वास' होईल. 'एलेहीर' (निवडणे) याच्या 'नो एलीहास'मध्ये 'जी'चा 'जे'. 'तोर्सेर' (पिळणे, वळवणे) याच्या 'नो तुएर्सास'मध्ये 'सी'चा 'झेड'. हे सगळे बदल 'एलीहो', 'सीगो', 'तुएर्सो' या 'यो' रूपांतच झालेले असतात, त्यामुळे 'एर'-'ईर'वाल्यांसाठी लिखाणाचा वेगळा विचार करायला नको. काळजी घ्यायची ती 'आर'वाल्यांची. एकच पडताळा: तयार झालेले रूप मोठ्याने वाचा. 'यो'मधले व्यंजन तसेच ऐकू आले तर लिखाण बरोबर.

याच ठिकाणी दोन क्रियापदे कानाला हुबेहूब सारखी आहेत. 'कोसेर' म्हणजे शिजवणे, हे 'सी'ने लिहितात, आणि 'कोसेर' म्हणजे शिवणे, हे 'एस'ने. लॅटिन अमेरिकेत दोन्हींचा उच्चार एकच. पण शिजवणाऱ्याचा स्वर बदलतो आणि शिवणाऱ्याचा नाही: 'नो कुएसास' म्हणजे शिजवू नकोस, 'नो कोसास' म्हणजे शिवू नकोस.

शब्दाच्या सुरुवातीलाच स्वर बदलला तर लिखाणात अजून एक गंमत होते. 'ओलेर' (वास घेणे, वास येणे) याचे 'उएलो'. स्पॅनिश शब्द 'उए'ने सुरू होत असेल तर आधी मूक 'एच' लिहितात, म्हणून 'नो उएलास'ला 'एच' लागतो. 'नो ओलामोस'ला लागत नाही. 'एर्रार' (चुकणे) याच्या 'इए'चा सुरुवातीला 'ये' होतो आणि तो 'वाय'ने लिहितात: 'नो येर्रेस'.

सर्वनामांची जागा हा दुसरा मोठा भाग. होकारार्थी आज्ञेत सर्वनाम क्रियापदाच्या शेपटीला जोडतात: 'सिएर्राला' म्हणजे ती बंद कर. नकारात ते सुटे होऊन 'नो' आणि क्रियापद यांच्या मध्ये बसते: 'नो ला सिएर्रेस'. 'आकुएस्ताते' (आडवा हो, झोपायला जा) याचे 'नो ते आकुएस्तेस'. 'पीदेमेलो' (ते माझ्याकडे माग) याचे 'नो मे लो पीदास'. आधी माणूस, मग वस्तू, हा क्रम दोन्हीकडे तोच. 'त्याला ते सांगू नकोस' यात 'ले लो' असे दोन 'ल' शेजारी येऊ देत नाहीत, पहिल्याचा 'से' होतो: 'नो से लो कुएन्तेस'. जोडलेले शेपूट सुटले की होकारार्थी रूपात स्वरावर द्यावी लागणारी तिरकी रेघही जाते. 'नो ला सिएर्रेस'मध्ये रेघ नाही. ती घालत राहणे ही नेहमीची चूक आहे. 'सेर्रेइस', 'दुर्माइस' यांच्या शेवटाकडच्या, जोर असलेल्या 'ए' आणि 'आ'वर मात्र रेघ हवीच.

आत्मवाचक सर्वनाम माणसाप्रमाणे बदलायला विसरू नका: 'नो ते आकुएस्तेस', 'नो से आकुएस्ते', 'नो नोस आकोस्तेमोस', 'नो ओस आकोस्तेइस', 'नो से आकुएस्तेन'. या सर्वनामाने अर्थही बदलतो. 'नो दुएर्मास' म्हणजे झोपू नकोस. 'नो ते दुएर्मास' म्हणजे झोपून जाऊ नकोस, डोळा लागू देऊ नकोस. गाडी चालवणाऱ्याला सांगायचे ते दुसरे.

आता एक जोडी अगदी जवळून बघण्यासारखी आहे, कारण अख्खा विषय तिच्यात मावतो. 'सेन्तार्से' म्हणजे बसणे, 'सेन्तीर्से' म्हणजे वाटणे. दोघांचे 'यो' रूप एकच: 'मे सिएन्तो', म्हणजे मी बसतो किंवा मला वाटते. 'तू'च्या वर्तमानात ती वेगळी होतात: 'ते सिएन्तास' (तू बसतोस), 'ते सिएन्तेस' (तुला वाटते). नकारार्थी आज्ञेत उलटा स्वर लागतो आणि दोघे एकमेकांचे कपडे घालतात. 'नो ते सिएन्तेस आकी' म्हणजे इथे बसू नकोस, पण 'नो ते सिएन्तेस बिएन' म्हणजे तुला बरे वाटत नाहीये. 'नो ते सिएन्तास माल' म्हणजे वाईट वाटून घेऊ नकोस, पण 'नुन्का ते सिएन्तास कोन नोसोत्रोस' म्हणजे तू कधीच आमच्यात बसत नाहीस. ही चार वाक्ये कागदावर लिहून प्रत्येकाखाली मूळ धातू लिहा. 'आर'चा 'ए' आणि 'ईर'चा 'आ' कोणत्या वाक्यात आज्ञा सांगतो आणि कोणत्यात साधे विधान, हे एकदा हाताने मांडले की उलट्या स्वराचा नियम विसरत नाही.

शेवटच्या वाक्यात 'नुन्का' आले आहे, त्याबद्दलही थोडे. 'नुन्का', 'हामास' यांसारखा नकारी शब्द क्रियापदाआधी आला की 'नो' लागत नाही: 'नुन्का मिएन्तास' म्हणजे कधीही खोटे बोलू नकोस. तो मागे आला की 'नो' हवाच: 'नो मिएन्तास नुन्का'. 'कोणाला काही सांगू नकोस' यात मराठीत एकच नकार आहे, स्पॅनिशमध्ये तीन: 'नो ले कुएन्तेस नादा आ नादिए'. ते एकमेकांना खोडत नाहीत.

पाट्यांवर दिसणारे 'नो फुमार' आपल्या 'धूम्रपान करू नये'सारखे आहे. ते कोणा एकाला उद्देशून नसते, म्हणून तिथे मूळ रूपच चालते आणि स्वर बदलायचा प्रश्न येत नाही. समोरच्या माणसाला मात्र तसे बोलू नका. 'नो सेर्रार' हे दारावर शोभते, मित्राला म्हणताना नाही.

एक उलटी चूकही वारंवार दिसते: स्वर बदलायची सवय लागली की न बदलणाऱ्यांचाही बदलला जातो. 'एन्तेन्देर' (समजणे), 'देफेन्देर' (बचाव करणे), 'आतेन्देर' (लक्ष देणे) बदलतात, म्हणून 'नो आतिएन्दास'. पण 'बेन्देर' (विकणे), 'ओफेन्देर' (दुखावणे), 'देपेन्देर' (अवलंबून असणे) बदलत नाहीत: 'नो बेन्दास', 'नो ओफेन्दास'. 'मोर्देर' (चावणे) याचे 'नो मुएर्दास', पण 'रेस्पोन्देर' (उत्तर देणे) याचे 'नो रेस्पोन्दास' आणि 'एस्कोन्देर' (लपवणे) याचे 'नो एस्कोन्दास'. दिसण्यावरून हे ओळखता येत नाही. नवे क्रियापद पाठ करताना त्याचे 'यो' रूप सोबतच पाठ करावे, हाच उपाय. दिलासा इतकाच की जोडशब्द बहुधा मूळ घराण्याचे वळण पाळतात: 'बोल्बेर'सारखेच 'देबोल्बेर' (परत देणे) आणि 'एन्बोल्बेर' (गुंडाळणे), 'पेदीर'सारखेच 'देस्पेदीर' (निरोप देणे, कामावरून काढणे).

सरावासाठी तक्ते घोकण्यापेक्षा प्रश्नोत्तरे करा. एकाने 'यो'मध्ये विचारायचे, दुसऱ्याने नकारार्थी आज्ञेत उत्तर द्यायचे. प्रश्नातच धातू तयार मिळतो, उत्तर देणाऱ्याला फक्त स्वर उलटायचा आणि सर्वनाम बसवायचे असते. 'सिएर्रो ला पुएर्ता?' 'नो, नो ला सिएर्रेस.' 'पीदो ला कुएन्ता?' 'नो, नो ला पीदास.' 'कुएल्गो?' 'नो, नो कुएल्गेस.' 'एम्पिएसो या?' 'नो, नो एम्पिएसेस तोदाबिया.' रोज दहा क्रियापदे, आठवडाभर. मग प्रश्न अनेकवचनी करा, 'सेर्रामोस ला पुएर्ता?', आणि उत्तर 'उस्तेदेस'मध्ये द्या: 'नो, नो ला सिएर्रेन.' इथे प्रश्नात साधा 'ए' आणि उत्तरात 'इए' येतो, म्हणून जीभ अडखळते. अडखळली की थांबा, 'यो सिएर्रो' असे मोठ्याने म्हणा आणि तिथूनच पुन्हा उत्तर द्या.